तिथी असलेला अतिथी

परदेशी निघालेल्या माणसाने आपली तिथली जेवणे आधी ठरवून ठेवावीत की नाही, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे असे मी म्हटले तर वाचक हसतील. हा प्रश्न पोटाचा. फार तर खिशाचा. त्यात नीती कुठून आली? पण आजवरच्या आयुष्यात मला एक गोष्ट दिसून आली आहे. माणूस सभेत काय बोलतो यावरून त्याची नीती कळत नाही. पानावर बसल्यावर आणि बिल आल्यावर ती कळते. त्यातून तो परक्या मुलखात असला म्हणजे तर अधिकच. तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते, पुन्हा त्या दारात जायचे नसते, आणि म्हणून चांगले वागण्याची सक्तीही नसते. अशा ठिकाणी तो अनोळखी आचाऱ्याशी, वाढप्याशी आणि शेजारच्या टेबलाशी कसा वागतो, यात नीतिशास्त्राचा बराचसा भाग येऊन जातो.

या प्रश्नावर प्रवाशांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाचे लोक विमानाचे तिकीट काढण्याच्या आधी जेवणाचे टेबल राखून ठेवतात. कोणत्या गावात कोणत्या वारी कुठे जेवायचे, तिथे काय मागवायचे, खिडकीजवळ बसायचे की आत, हे सारे त्यांनी घरबसल्या ठरवलेले असते. दुसऱ्या पंथाचे म्हणणे असे, की ठरवून खाल्लेल्या जेवणाला चव नसते. पाय नेतील तिकडे जावे, नाक सांगेल तिथे थांबावे, आणि भूक म्हणेल ते खावे. आमच्या घरात माझा भाचा पहिल्या पंथाचा कट्टर अनुयायी आहे आणि माझी पत्नी दुसऱ्या पंथाची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, ही तिसऱ्याच पंथाची. दशम्या, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे बरोबर असले की पृथ्वीच्या पाठीवर जेवणाचा प्रश्न म्हणून उरत नाही, असे तिचे मत आहे. आणि तिच्या पिशवीकडे पाहिले की ते खोडून काढण्याची कोणाची छाती होत नाही.

अक्काचा हा मुलगा फ्रान्समध्ये लियाँ शहरी नोकरीला आहे. २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही तिघे दोन आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेलो. निघण्याच्या तीन महिने आधी त्याने एक तक्ता पाठवला. चौदा दिवस, दोन वेळची जेवणे, म्हणजे अठ्ठावीस चौकोन. आणि अठ्ठावीसही भरलेले! काही चौकोनांत शहरातली नामांकित उपाहारगृहे, काहींत साध्या खाणावळी, काहींत नदीकाठचा बाजार. पत्नीने तो तक्ता वाचला, पेन्सिल घेतली आणि निम्म्या चौकोनांवर काट मारली. भाच्याचा फोन आला. “मामी, अगं तिकडे असं चालत नाही.” मामी म्हणाली, “भूक काय तुझ्या तक्त्याला विचारून लागते?” या दोन वाक्यांत दोन्ही पंथांचे सारे तत्त्वज्ञान आले आहे. त्यातले कोणते खरे, याचा विचार मी तेव्हापासून करीत आहे.

विचाराची सुरुवात मी एका शब्दापासून केली. आपल्याकडे पाहुण्याला ‘अतिथी’ म्हणतात आणि त्याची फोड ‘अ-तिथी’ अशी सांगतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो अतिथी. त्याला देव मानावे असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. हा केवढा कठीण आदेश आहे हे कळायला घरात स्वयंपाक आटोपून भांडी घासायला टाकल्यावर दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याची आठवण करावी. न सांगता आलेल्याला वाढणे यात यजमानाची कसोटी आहे. म्हणूनच तर त्याला देव म्हणून यजमानाची समजूत घालावी लागली! पण या साऱ्या उपदेशात पाहुण्याने काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. देवाला कोण शिकवणार? आणि आजचा प्रवासी तर पैसे देणारा देव. त्याला वाटते, पैसे टाकले की आपली सारी कर्तव्ये संपली.

ती संपतात का, हे पाहण्यासाठी पैसे टाकून जेवण्याची ही रीत कुठून आली ते पाहिले पाहिजे. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द मूळचा जागेचा नव्हे, पदार्थाचा. फ्रेंच भाषेत अशक्त माणसाला तरतरी आणणाऱ्या मांसाच्या घट्ट रश्शाला ते नाव होते. पॅरिसमध्ये १७६० नंतरच्या काही वर्षांत हा रस्सा विकणारी दुकाने निघाली आणि पदार्थाचे नाव दुकानाला चिकटले. त्यापूर्वी परगावच्या माणसाला जेवायचे तर खानावळवाल्याच्या सामायिक टेबलावर, त्याने ठरवलेल्या वेळेला, तो वाढील ते खावे लागे. नव्या दुकानांनी तिन्ही गोष्टी बदलल्या. आपले वेगळे टेबल, आपल्याला वाटेल ती वेळ, आणि किमती लिहिलेल्या यादीतून आपली निवड. म्हणजे उपाहारगृह जन्माला आले ते जेवणाऱ्याला तिथीच्या आणि घड्याळाच्या जाचातून सोडवण्यासाठी. अडीचशे वर्षांनी आज त्याच उपाहारगृहात शिरण्यासाठी माणसे तीन तीन महिने आधी तिथी ठरवून ठेवतात! जगातल्या पुष्कळ स्वातंत्र्यांचे असेच झाले आहे.

पण ही केवळ गंमत म्हणून सोडून देता येणार नाही. भाचा ‘तिकडे असं चालत नाही’ म्हणाला त्यात तथ्य होते. फ्रान्समधल्या पुष्कळशा खाणावळींत दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळात मिळते आणि रात्रीचे साडेसातच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळात चूल थंड असते. कित्येक चांगली ठिकाणे रविवारी आणि सोमवारी बंद असतात. ऑगस्टमध्ये तर महिना महिना कुलूप. दुपारी तीन वाजता आपल्याला भूक लागली म्हणून कोणी तवा तापवीत नाही. आपल्या माणसाला पहिल्याने हा उद्धटपणा वाटतो. ‘गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि हे नाही म्हणतात!’ पण अक्काला तो वाटला नाही. लियाँच्या एका गल्लीत बंद दाराच्या काचेतून तिने आत पाहिले. मागच्या बाजूला आचारी आणि वाढपी एकाच टेबलाशी बसून जेवत होते. ती म्हणाली, “बरोबर आहे. सगळ्यांची पानं झाली, आता बायकांची पंगत.” जन्मभर सर्वांच्या मागून जेवलेल्या बाईला जे एका नजरेत कळले, ते कळायला आम्हां पुरुषांना तक्ता लागतो.

माझ्या मते बेत करण्यातला पहिला नैतिक अर्थ हा आहे. ‘भूक लागेल तेव्हा, भूक लागेल तिथे’ हे बोलणे ऐकायला मोकळे वाटते. पण त्यात एक गृहीत धरलेले असते, की आपल्या भुकेची वाट पाहत कोणीतरी सतत उभे आहे. घरी ते कोणीतरी आई असते, बायको असते. बाहेर तो एक पगारी नोकर असतो. ज्याला वेळ ठरवावी लागत नाही, त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी आपला वेळ मोकळा ठेवून बसलेले असते. म्हणून वेळ आधी सांगणे हा नेहमीच पोटाचा चोचला नसतो. कधी कधी तो दुसऱ्याच्या दुपारच्या विश्रांतीचा मान असतो.

दुसरा अर्थ वचनाचा. आपल्याकडे पंगतीला येतो म्हणून सांगून न जाणे ही साधी गोष्ट मानीत नाहीत. पान मांडलेले असते, पाण्याचा पेला भरलेला असतो, मीठ-लिंबू वाढलेले असते, आणि माणूस येत नाही. त्या रिकाम्या पानाकडे पाहून यजमानीणबाईंचा चेहरा उतरतो. टेबल राखून ठेवणे म्हणजे पान मांडायला सांगणे. भाच्याने ठरवलेल्या एका उपाहारगृहात एकंदर बाराच टेबले होती. तिथला आचारी दुसऱ्या दिवशी किती माणसे येणार ते पाहून बाजारातून माल आणतो. मासळी ही काही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणारी वस्तू नव्हे. अशा ठिकाणी एक टेबल रिकामे राहिले तर त्याच्या त्या दिवसाच्या कमाईतला बारावा हिस्सा गेला, आणि आणलेला माल वाया गेला तो वेगळाच. आणि तरीही आज कित्येक प्रवासी एकाच रात्रीसाठी तीन ठिकाणी टेबले राखतात आणि ‘संध्याकाळी मन होईल तिकडे’ जातात. राहिलेल्या दोन ठिकाणी कळवण्याचेही कष्ट घेत नाहीत. म्हणून हल्ली अनेक उपाहारगृहे टेबल राखताना बँकेच्या कार्डाचा आकडा घेऊन ठेवतात. आला नाहीत तर दंड. मला हे वाचून वाईट वाटले. पूर्वी जिथे शब्द पुरत होता, तिथे आता तारण द्यावे लागते.

या दृष्टीने पाहिले तर बेत करणे वाईट नाही. बेत करून तो मोडणे वाईट. आणि मोडण्याची सोय ठेवून केलेला बेत हा बेतच नव्हे. पत्नीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणूनच मी म्हणते, थोडे ठरवा. पाळता येतील तेवढीच वचने द्यावीत.” यावर मला उत्तर सुचले नाही, आणि अजून सुचलेले नाही.

आता पैशाचा प्रश्न. तो अक्काने काढला. त्या बारा टेबलांच्या घरी आमच्या चौघांच्या दुपारच्या जेवणाला सुमारे ४०० युरो पडणार होते; तेव्हाच्या भावाने ३५ हजार रुपयांच्या वर. अक्काने थोडा वेळ बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, “म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या बाईंचा सात महिन्यांचा पगार झाला. आपण तो दोन तासांत खाणार.” टेबलावर शांतता पसरली. भाचा काही बोलेना. ज्या बाई रोज आपल्याला जेवू घालतात, त्यांच्या सात महिन्यांच्या कष्टांइतके मोल एका दुपारच्या जेवणाला देणे हे बरोबर आहे का?

या प्रश्नाला पळवाटा पुष्कळ आहेत. ‘तिकडची महागाईच तशी’, ‘आयुष्यात एकदाच’, ‘आपण कष्टाने मिळवलेले पैसे’. यांपैकी एकही उत्तर नव्हे. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित भारतात आले. त्यांची उपासमार पाहून पीटर सिंगर नावाच्या एका तरुण ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: उथळ डबक्यात एक मूल बुडताना दिसले तर आपले कपडे खराब होतील म्हणून आपण थांबत नाही. मग दूर देशी उपाशी मरणाऱ्या मुलासाठी आपल्या चैनीचे पैसे देताना आपण का थांबतो? अंतराने नीती बदलते का? गेल्या पन्नास वर्षांत या निबंधाला पुष्कळांनी पुष्कळ उत्तरे दिली आहेत; परंतु जेवणाचे बिल हातात असताना त्यातले एकही उत्तर पुरेसे वाटत नाही, असा माझा स्वतःपुरता अनुभव आहे.

दुसऱ्या बाजूला एपिक्युरस उभा आहे. लोक त्याच्या नावाने चैनीचा पंथ चालवतात. पण तो स्वतः भाकरी आणि पाण्यावर राहत असे. एका मित्राला त्याने थोडेसे चीज पाठव म्हणून लिहिले, कारण मनात येईल तेव्हा त्याला मेजवानी करता यावी! या माणसाला मेजवानीचे वावडे नव्हते. रोजच्या मेजवानीचे होते. रोज भाकरी खाणाऱ्यालाच चीजची मेजवानी होते; रोज चीज खाणाऱ्याला ती भाकरीच वाटते.

मला या दोघांच्या मध्ये एक अरुंद वाट दिसते, आणि ती बेतातून जाते. न ठरवता केलेल्या खर्चाला कोणी प्रश्न विचारीत नाही. भूक लागलेली असते, पाय दुखत असतात, मुले रडत असतात. समोर दिसेल त्या दारात आपण शिरतो, आणि चौकातल्या झगमगीत, बेचव ठिकाणी पुष्कळ पैसे देऊन बाहेर पडतो. त्या वेळी ना सिंगर आठवतो ना स्वयंपाकाच्या बाई. दोन आठवड्यांतल्या अशा लहान लहान उधळ्यांची बेरीज कोणी करीत नाही. उलट, तीन महिने आधी ठरवलेल्या जेवणाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढून जावे लागते. अक्काने प्रश्न विचारला, कारण आकडा तिच्यापुढे आधी आला. ठरवलेले जेवण योग्यच असते असे नाही. पण त्याला निदान जाब विचारलेला असतो.

अक्काने जाब विचारून तोडही सुचवली. “जाऊ. पण तेवढीच रक्कम घरी गेल्यावर बाईंच्या मुलीच्या कॉलेजसाठी द्यायची. आणि बाकीचे दिवस साधे जेवायचे.” आम्ही कबूल झालो आणि तसे केलेही. मला मात्र मनातून शंका होती. मध्ययुगात युरोपातले लोक पैसे मोजून पापमुक्तीची पत्रे घेत. तसलेच हे नव्हे ना? मी अक्काला हे बोलून दाखवले. ती म्हणाली, “तिची फी भरली जाते की नाही? मग तुझ्या मनात काय होतं याच्याशी तिला काय करायचंय?” नीतिशास्त्रावरच्या मोठमोठ्या ग्रंथांत हेतू आणि परिणाम यांचा जो झगडा शेकडो पाने चालतो, तो अक्काने असा मिटवला. तो खरोखरच मिटला असे मी म्हणणार नाही. पण फी भरली गेली.

आता त्या जेवणाविषयी. भाच्याने तीन आठवडे आधी कळवले होते, की आमच्यातली एक बाई मांस, मासे, अंडी काही खात नाही. उत्तर आले, की दूध-लोणी चालते का? मला हे देवाणघेवाणीचे दोन कागद त्या जेवणाइतकेच मोलाचे वाटतात. ज्या देशात रश्शापासून चटणीपर्यंत सर्वत्र मांसाचा अर्क असतो, तिथे ऐन वेळी ‘आम्हांला हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणून आचाऱ्यापुढे हात नाचवणे हा त्याचाही अपमान आणि आपलीही उपासमार. आधी सांगितले की तेच नियम त्याला आव्हान वाटतात. अक्कापुढे त्या दिवशी हिरव्या मसुरांचा एक पदार्थ आला. लियाँपासून फार दूर नसलेल्या प्वी या गावच्या परिसरात हे मसूर पिकतात आणि फ्रेंच लोकांना त्यांचा मोठा अभिमान आहे. बरोबर भाजलेले बीट, गाजरे आणि लोण्यात परतलेला कांदा. अक्काने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “आमटीला फोडणी नाही. पण मसूर कसा, दाणा न् दाणा वेगळा!” जेवण झाल्यावर आचारी बाहेर आला आणि सर्वांना सोडून तिच्याजवळ उभा राहिला. दोघांची भाषा एक नव्हती. तिने रिकामे ताट त्याला दाखवले. बस्स, एवढेच संभाषण झाले.

परंतु बेतात एक विषही आहे, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. १९०० साली फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी मोटारवाल्यांसाठी एक लहानसे लाल पुस्तक काढले आणि फुकट वाटले. हेतू साधा: लोकांनी मोटारीतून खूप फिरावे आणि टायर झिजवावेत! १९२६ साली त्यांनी चांगल्या उपाहारगृहांपुढे तारा छापायला सुरुवात केली, १९३१ मध्ये दोन आणि तीन ताऱ्यांची भर घातली, आणि १९३६ मध्ये ताऱ्यांचे अर्थ सांगितले. एक तारा म्हणजे आपल्या जातीतले उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. तीन म्हणजे त्याच्यासाठीच प्रवास करावा असे. तारे मोजतात ते चवीचे असा आपला समज. पण मोजमापाची भाषा पाहिली तर ती रस्त्याची आहे. त्यात गैर काही नाही. गैर होते ते पुढे. माणूस तारा पाहून जातो, ताऱ्याची छायाचित्रे काढतो, आणि घरी येऊन तारा खाल्ला असे सांगतो. दुसऱ्याने केलेली स्तुती तो चावत असतो. त्याची जीभ त्याच्याबरोबर प्रवासाला आलेलीच नसते.

या ताऱ्यांच्या मागे माणसे असतात. एजेनी ब्राझिए हिचा जन्म १८९५ चा, बूर-आं-ब्रेस गावाजवळच्या शेतकरी वस्तीतला. दहाव्या वर्षी आई गेली. लहानपण दुसऱ्यांच्या शेतावर डुकरे राखण्यात गेले. एकोणिसाव्या वर्षी लग्नावाचून दिवस राहिले म्हणून बापाने घराबाहेर काढले. पुढे लियाँमध्ये एका नामांकित स्वयंपाकिणीच्या हाताखाली काम करून १९२१ साली तिने र्‍यू र्‍वायाल रस्त्यावर आपली लहानशी खाणावळ काढली. १९३३ मध्ये तिच्या दोन्ही ठिकाणांना तीन तीन तारे मिळाले; असे सहा तारे मिळवणारी ती पहिलीच. कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या सरकवून शिजवलेली तिची कोंबडी प्रसिद्ध होती. पांढऱ्यात काळे दिसते म्हणून त्या पदार्थाचे नाव ‘अर्ध्या सुतकातली कोंबडी’! अक्काने हे नाव ऐकून कानांवर हात ठेवले. पण त्या बाईची हकिगत ऐकल्यावर त्या दारापुढे ती जरा वेळ उभी राहिली. ज्याला घरातून काढले, त्याने सगळ्या गावाला जेवू घातले. तक्त्यातल्या चौकोनात हे मावत नाही. बेत करणाऱ्याने तारे मोजण्याऐवजी एवढे वाचून जावे. त्याचे जेवण निराळे होईल.

आणि आता पत्नीच्या पंथाची बाजू. पॅरिसमध्ये ‘बूयाँ शार्तिए’ नावाची १८९६ पासूनची खाणावळ आहे. बूयाँ म्हणजेही रस्साच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दूव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून अशा रश्शाच्या खाणावळी काढल्या. शार्तिए त्याच कुळातली. गंमत पाहा, उंची रेस्टॉरंट आणि स्वस्त बूयाँ, दोघांचे मूळ एकाच पातेल्यात आहे! इथे दारापुढे लांबच लांब रांग असते, आणि जागा होईल तिथे, अनोळखी लोकांच्या टेबलावरही, बसवतात. काळे जाकीट आणि पांढरा अंगरखा घातलेला वाढपी टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो. पाण्याचा जग फुकट, पाव फुकट. जेवणाच्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात, हा सगळ्या फ्रान्सचाच कायदा. त्यामुळे वाढपी तुमच्या दातृत्वावर जगत नाही, आणि त्याच्या वागण्यात लाचारी नसते. हे मला फार आवडले.

आमच्या समोर एक वृद्ध जोडपे बसले होते. आजीबाईंनी अक्काच्या ताटात पाहिले. किसलेली गाजरे आणि उकडलेले बटाटे. अक्काने पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली होती. आजीबाईंनी भुवया उंचावल्या. अक्काने बाटली पुढे केली. त्यांनी बोटाच्या टोकाएवढे लोणचे पावावर घेतले, डोळे मिटले, आणि मग नवऱ्याच्या पावावरही लावले. त्यांच्या पुडिंगमधला एक चमचा त्यांनी अक्कापुढे केला. त्यात अंडे असणार हे अक्काला ठाऊक होते. तिने हात जोडले आणि मान हलवली. आजीबाईंना ते कळले आणि त्यांनी तो चमचा माझ्या पत्नीकडे वळवला. पत्नीने माझ्याकडे असे पाहिले, की कोणत्या चौकोनात हे लिहिले होते ते सांगा!

तिचे बरोबर होते. अन्नाचा बेत करता येतो, शेजाऱ्याचा येत नाही. इमॅन्युएल कांटने १७९८ च्या आपल्या ग्रंथात जेवणाच्या टेबलावर तीनपेक्षा कमी आणि नवांपेक्षा जास्त माणसे असू नयेत असे सांगितले आहे. तत्त्वचिंतकाने एकट्याने जेवणे तर त्याला प्रकृतीलाच अपायकारक वाटे. त्याच्या घड्याळी नियमितपणाच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याचे चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतात. तो आपल्या पाहुण्यांना जेवणाचे आमंत्रण त्याच दिवशी सकाळी पाठवी. कारण, आधी बोलावले तर त्यांना त्याच्यासाठी दुसरी आमंत्रणे नाकारावी लागतील! जगातल्या सर्वांत नियमबद्ध माणसाने दुसऱ्याच्या दिवसावर आधीपासून हक्क सांगितला नाही. स्वतःची वेळ बांधलेली, दुसऱ्याची मोकळी. बेताची याहून सुंदर मर्यादा मला माहीत नाही.

मग उत्तर काय? मला जे सुचते ते असे. ज्या जेवणात दुसऱ्याचे काही आपल्यासाठी अडकून राहणार आहे, त्याची मासळी, त्याचे टेबल, त्याची दुपार, ते ठरवावे. ठरवले की पाळावे. आणि ठरवतानाच त्याचा पैसा कुठून येतो आणि कोणाकडे जाऊ शकला असता, हेही स्वतःला विचारून घ्यावे. आणि उरलेली जेवणे रिकामी ठेवावीत. ती आळसाने नव्हे, जाणूनबुजून. कारण ठरवलेल्या जेवणात आपण जगाला वचन देतो, आणि न ठरवलेल्या जेवणात जगावर विश्वास टाकतो. जो नुसती वचने देतो आणि विश्वास कधीच टाकीत नाही, तो परदेशात जाऊनही आपल्याच तक्त्यात फिरून येतो. जो नुसता विश्वास टाकतो आणि वचन कधीच देत नाही, तो जन्मभर दुसऱ्याच्या चुलीवर भार होतो. आमच्या अठ्ठावीस चौकोनांपैकी शेवटी दहा भरलेले राहिले आणि अठरा रिकामे. हे प्रमाण काही शास्त्रात सांगितलेले नाही. पण भाचा आणि मामी दोघेही त्यावर राजी झाले, आणि घरात याहून मोठा पुरावा लागत नाही.

लियाँच्या साध्या खाणावळीत अशाच एका रिकाम्या चौकोनात आम्हांला एक पदार्थ मिळाला. त्याचे नाव ‘विणकराचा मेंदू’. अक्का खुर्चीवरून उठलीच. भाचा हसून म्हणाला, “आई, नुसतं नाव आहे ते.” लियाँच्या रेशीम विणकरांचा तो गरिबीतला पदार्थ, ताज्या, मऊ चीजमध्ये बारीक चिरलेल्या कांदेपाती, थोडे तेल, थोडा आंबट रस. अक्काने भीत भीत चाखले. “अरे, हा तर चक्का! साखर घालायला विसरले.” आणि पुन्हा मागून घेतला.

दिवाळीच्या दिवसांत तर हा विचार मला फारच जवळचा वाटतो. आपल्या सणांमध्ये भाऊबीज ही तिथी नावातच घेऊन येते. त्या दिवशी भावाने बहिणीकडे जेवायला जायचे हे ठरलेले. ते मोडले तर बहिणीचे डोळे भरतात. पण त्याच घरात, त्याच दिवशी, फराळाचे ताट चार माणसांपुरतेच कोणी भरत नाही. पोस्टमन येईल, शेजारची मुले येतील, वाट चुकलेला कोणी येईल. त्याच्यासाठी चकल्या आणि करंज्या बाजूला काढलेल्या असतात. ठरलेल्या भावासाठी पान, न ठरलेल्या पाहुण्यासाठी डबा. आपल्या आयांनी ही दोन्ही कर्तव्ये कोणताही ग्रंथ न वाचता एकाच स्वयंपाकघरात सांभाळली. यजमानाचे हे शहाणपण आपल्याला घरात मिळाले आहे. प्रवासात आपण पाहुणे असतो, तेव्हा तेच उलट्या बाजूने वापरायचे.

‘अतिथी’ शब्दाची आणखी एक व्युत्पत्ती वैयाकरण सांगतात. ‘अत्’ म्हणजे सतत चालत राहणे; जो चालत राहतो तो अतिथी. त्या अर्थाने तिथी ठरवून आलेलाही अतिथीच. फक्त त्याने एवढे ध्यानात ठेवावे, की त्याच्यासाठी कुठेतरी एक पान मांडले गेले आहे आणि कोणीतरी दाराकडे पाहत आहे.